शेनिन ब्लाँ : पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाचा स्वभाव आणि गोव्यात त्याचा वेल लावायचा असल्यास

गोव्यात वाईन विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. वाईनच्या द्राक्षाचा वेल मात्र बहुतेकांनी पाहिलेला नसतो. येथे बाटलीबंद होणाऱ्या गोड पोर्ट वाईनसाठीही द्राक्षे घाटावरूनच येतात. याचे कारण गोवेकरांच्या आळसात नाही, आपल्या पावसात आहे, आणि त्याची समजूत नीट पटवून घेतल्याखेरीज कोणी वेल लावू नये. प्रस्तुत लेख एकरांच्या हिशेबाने द्राक्षबाग उभी करू पाहणाऱ्यांसाठी नाही. त्यांना घाट चढून नाशिकला जाण्याचाच सल्ला योग्य ठरेल. सत्तरी, डिचोली, धारबांदोडा किंवा सांगे या भागांत ज्यांची थोडी उताराची जमीन आहे, कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) कामे ज्यांना अंगवळणी पडलेली आहेत आणि पाच-दहा वेल हौसेने पण शिस्तीने सांभाळण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. निवड शेनिन ब्लाँची केली आहे, कारण भारतातील पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांत ती सर्वाधिक रुळलेली जात आहे, तिची कलमे मिळतात आणि उष्ण हवेतही ती आपला आंबटपणा सहजासहजी सोडत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. शेनिन वाढवणे अवघड नाही. तिला आवरणे अवघड आहे. गोव्याची ऊब आणि ओल या वेलीला नेमकी तिच्या दुर्बळ बाजूकडे ढकलते. खाली जी कामे सांगितली आहेत, त्यांपैकी बहुतेक या ना त्या रीतीने तिला आवर घालण्याचीच आहेत.

वेलीचा स्वभाव

शेनिनचे मूळ घर फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे, त्यातही आंजू आणि तूरेन हे प्रांत. साव्हान्यँ नावाची जुनी जात हिच्या जनकांपैकी एक असल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे, आणि सोव्हिन्यों ब्लाँ हीदेखील त्याच जातीची संतती असल्यामुळे नाशिकच्या बागांत शेजारी-शेजारी वाढणाऱ्या या दोन जाती नात्याने भावंडे ठरतात. सतराव्या शतकात डच वसाहतीच्या काळात शेनिन दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात पोहोचली असे मानले जाते. तेथे तिला स्टीन म्हणतात, आणि आज तिचे क्षेत्र फ्रान्सपेक्षा दक्षिण आफ्रिकेतच अधिक आहे.

वेल जोमदार आहे. डोळे (फुटीच्या कळ्या) लवकर फुटतात, फूट (नवा कोवळा कोंब) भराभर वाढते, आणि काडीच्या (पक्व झालेल्या फुटीच्या) बुडाकडील डोळ्यांतही घड धरण्याची क्षमता असते. घड मध्यम ते मोठे, शंकूच्या आकाराचे, खांद्यांवर पाकळ्या असलेले आणि गच्च भरलेले असतात. मणी लहान ते मध्यम, किंचित लांबट, पिकल्यावर हिरवट पिवळे, आणि सालीने पातळ. घडाची ही गच्च बांधणी आणि पातळ साल लक्षात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ त्यांतच आहे. आतले मणी एकमेकांवर दाबले जाऊन एक जरी फुटला, तरी रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो, घडाच्या पोटात हवा पोहोचत नसल्यामुळे ओल सुकत नाही, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा घड आतून कुजू लागतो. भुरी आणि घडकुज या दोन रोगांना ही जात सहज बळी पडते.

तिचा गुण म्हणजे आम्लता. उन्हाळी प्रदेशांत बहुतेक पांढऱ्या जातींचे मणी गोड होता होता बेचव होतात. शेनिनमध्ये साखर भरल्यावरही आंबटपणा टिकून राहतो. त्यामुळेच एकाच द्राक्षापासून कोरडी, किंचित गोड, पूर्ण गोड आणि फेसाळ अशी चारही प्रकारची वाईन होते. ल्वारमध्ये व्हूव्रे आणि साव्हेनियेर येथील वाईन हिरवे सफरचंद, क्विन्स, मध आणि कॅमोमाइल यांच्या वासाची असते, तर कार द शोम आणि बोनझो येथे बोट्रायटिस बुरशीने आकसलेले मणी निवडून काढून दीर्घकाळ टिकणारी गोड वाईन केली जाते. तेथील एकाच बागेत मणी मागेपुढे पिकत असल्यामुळे तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते. आपल्याकडची शेनिन निराळी लागते: पेरू, अननस, नाशपाती, खरबूज, आणि बहुधा जिभेला जाणवेल इतपत गोडी मुद्दाम शिल्लक ठेवलेली. ही गोडी आणि हा आंबटपणा नारळाच्या रसातल्या तिखट हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) चांगला जुळतो, असे माझे मत आहे. त्या जागी ओकच्या पिंपात मुरवलेली भारी शार्दोने नेऊ नये.

ल्वार, नाशिक आणि गोवा

ल्वार खोऱ्यातील आंजे शहर साधारण ४७ अंश उत्तर अक्षांशावर, नाशिक २० अंशांवर आणि गोवा १५ अंशांवर आहे. आंजेला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नाशिकच्या मैदानी भागातही जवळपास तेवढाच पडतो. फरक एवढाच की आंजेला तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो, नाशिकला चार महिन्यांत येऊन संपतो. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो.

फ्रान्समध्ये थंडी वेलीला झोपवते, वसंत ऋतू उठवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. शेनिन लवकर फुटत असल्यामुळे तेथे वसंतातल्या हिमतुषाराची धास्ती असते. आपल्याकडे झोपवणारी थंडी नाही, त्यामुळे वेल सदाहरित राहते, आणि तिचे वर्ष आपण कात्रीने ठरवतो. नाशिकची पद्धत वर्षाला दोन छाटण्यांची आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार करावयाची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ धरावयाचे. तोडणी जानेवारी ते मार्चदरम्यान, म्हणजे कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. २००० साली सुला या नाशिकच्या वाईनरीने बाजारात आणलेल्या पहिल्या वाईन सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ याच होत्या, आणि हा क्रम आकस्मिक नव्हता. उष्ण दिवसाला थंड रात्रीची जोड मिळाली की शेनिन पुष्कळ काही देते.

गोव्यात जानेवारीतली रात्रही साधारण २० अंशांची असते. मण्यातील मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनावाटे खर्च होते. रात्र उबदार असली की हा खर्च थांबत नाही. शेनिनची मुळातली आम्लता मोठी असल्यामुळे ती येथेही पूर्ण ढासळत नाही, पण नाशिकइतका तरतरीतपणा येणार नाही, हे गृहीत धरावे. समुद्रकाठापेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याकडील गावांत रात्री थोड्या अधिक थंड असतात आणि खारा वाराही लागत नाही. मात्र पाऊस तेथेच सर्वाधिक. दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. रात्रीचा गारवा कशानेही विकत आणता येत नाही, पाऊस छप्पर घालून अडवता येतो. म्हणून मी सत्तरी-सांग्याकडील उतार पसंत करीन.

जागा आणि माती

खाजन (खाडीकाठच्या खाऱ्या) जमिनीचा विचारही करू नये. क्षार आणि साचलेले पाणी ही वेल सोसत नाही. कुळागराच्या तळाशी पाटाच्या पाण्याने कायम ओली राहणारी जागाही चालणार नाही, आणि सुपारीची सावली तर मुळीच चालणार नाही. मरडाची (उंचावरची), जांभ्याची, उताराची आणि पूर्वेचे ऊन सकाळपासून मिळणारी जागा निवडावी. जांभ्या मातीत निचरा उत्तम होतो, पण ती आम्लधर्मी असते, तिच्यात स्फुरद अडकून पडतो आणि थोड्या खोलीवर कातळ लागण्याची शक्यता असते. ल्वारमध्ये शेनिन चुनखडीवरही वाढते आणि शिस्टच्या कातळावरही, तेव्हा मातीच्या प्रकाराबद्दल ती फार चोखंदळ नाही. सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान आणि मुळांना निदान तीन फूट मोकळी खोली मिळाली म्हणजे पुरे.

म्हणून आधी माती तपासून घ्यावी. जुने गोवे येथील एला भागात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि विशेषतः द्राक्षासंबंधीचे मार्गदर्शन पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रकाशनांतून मिळू शकते. अहवालात सामू साडेपाचाच्या खाली आला, तर लागवडीपूर्वी दोन-तीन महिने आधी अहवालातील शिफारशीप्रमाणे चुना किंवा डोलोमाइट मातीत मिसळून ठेवावे. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून तळाचा जांभा पहारीने फोडावा. तो न फुटल्यास खड्डा पावसात टाकीसारखा भरून राहतो. कुजलेले शेणखत एक-दोन पाट्यांहून अधिक घालू नये. नारळाला जसे सढळ हाताने खत घालण्याची आपल्याला सवय असते, तशी येथे घातली तर वेल पानांचे रान माजवील आणि घड विसरेल. ओळीची माती फूटभर उंच उचलून गादीवाफा करावा, आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर खोदावा.

कलम, अंतर आणि छप्पर

शेनिन स्वतःच्या मुळांवर लावू नये. खुंटावरचे, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर बांधलेले, कलम घ्यावे. महाराष्ट्रात डॉगरिज आणि ११० आर हे खुंट सर्वांच्या तोंडी असतात. डॉगरिज हा जोमदार खुंट आहे आणि हलक्या, क्षारयुक्त, पाण्याची ओढ असलेल्या जमिनीत त्याची मदत होते; परंतु मुळात जोमदार असलेल्या शेनिनखाली, आणि तेही गोव्याच्या हवेत, तो घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. ११० आर घ्यावा. नाशिककडील रोपवाटिकांतून तयार कलमे आणून पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावावीत. कलमाचा जोड मातीच्या वर चार-सहा बोटे राहिलाच पाहिजे, नाहीतर शेनिनला स्वतःची मुळे फुटून खुंटाचा उपयोगच संपतो.

वेलींत पाच फूट आणि दोन ओळींत नऊ फूट अंतर ठेवावे. ओळ उत्तर-दक्षिण असावी. पहिली तार जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर बांधावी, जेणेकरून पावसाने उडणारी माती पानांपर्यंत पोहोचणार नाही. त्यावर इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर फूट दोन्ही बाजूंना पसरवता येते. नाशिकच्या जुन्या बागांतला सपाट मांडव येथे नको, कारण त्याच्या खाली हवा कोंडते.

छपराशिवाय गोव्यात शेनिन लावू नये, हे माझे ठाम मत आहे. अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ओळीवर कमानीने ताणावा. दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात आणि कागद पानांच्या वर निदान दीड-दोन फूट असावा, म्हणजे तापलेली हवा साचणार नाही. जूनमधील वारे हा कागद उडवून नेतात, म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड पाइपचा, पाया काँक्रीटचा आणि बांधणी दुहेरी असावी. हा खर्च वेलींच्या खर्चाच्या कित्येक पट होईल. तो परवडत नसेल, तर हौस येथेच आवरलेली बरी. कागद मेच्या मध्याला चढवावा आणि परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावर उतरवावा.

पहिले वर्ष वेलीचा सांगाडा घडवण्याचे. एकच जोमदार फूट सुतळीने बांबूवर सरळ चढवावी, बगलफुटी काढत राहावे, तारेपाशी पोहोचताच शेंडा मारून दोन बाजूंना दोन ओलांडे (तारेवरच्या कायमच्या आडव्या फांद्या) वळवावेत. ओलांडा एका दमात लांब वाढू देऊ नये. सात-आठ पानांवर थांबवून पुढे न्यावा, म्हणजे त्यावर डोळे सारख्या अंतरावर आणि जाड काडीचे मिळतात. या वर्षी एखादा घड दिसला तरी तो काढून टाकावा.

खरड छाटणी आणि पावसाळा

नाशिकचे वेळापत्रक जसेच्या तसे येथे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण ढगांमध्ये आहे. पुढच्या हंगामाचा घड खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांत आकार घेत असतो. त्या वेळी पानांना व डोळ्यांना स्वच्छ ऊन मिळाले तर डोळ्यात घड बसतो, नाही मिळाले तर तेथे नुसती ताणवेल (आधाराला गुंडाळणारी ताण) तयार होते. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल होतो. तेव्हा खरड छाटणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, फार तर एप्रिलच्या पहिल्या दोन-चार दिवसांत उरकावी. एप्रिल अखेरपर्यंत रेंगाळल्यास डोळे घडवण्याचे दिवस ढगाखाली जातात, आणि त्याचा दंड नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो, जेव्हा काही करता येत नाही.

या छाटणीत प्रत्येक काडी ओलांड्यापाशी एक डोळा ठेवून कापावी. फुटी बोटभर झाल्या की विरळणी करून एका वेलीवर वीस ते पंचवीस ठेवाव्यात, प्रत्येक फूट दुसरीवर सावली पाडणार नाही अशी. सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन (शेंडा मारल्यावर पुढे निघणारी उपकाडी) करावी. तिच्यावरील पुढची वाढ पंधरा-सोळा पानांवर थांबवावी. जूनपासून ठिबक बंद ठेवावे, कारण छपराखालीही बाजूची ओल मुळांना पुरेशी मिळते, आणि नत्र अजिबात देऊ नये. या महिन्यांत काडी हिरवी न राहता बुडापासून तपकिरी होत पक्व व्हायला हवी. पावसाळ्याची कसोटी तीच आहे. पानांच्या हिरवेगारपणावर भुलू नये.

पावसाळ्यातील शत्रू दोन. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसली तर तो केवडा. कोवळ्या काडीवर काळे, खोलगट व्रण पडले तर करपा. दोन्ही ओल्या पानावर वाढतात, म्हणून छप्पर हाच पहिला उपाय आहे. दुसरा उपाय कुळागरवाल्यांना शिकवण्याची गरज नाही: सुपारीच्या कोळेरोगासाठी जे बोर्डो मिश्रण आपण करतो, तेच येथे चालते. मात्र कोवळ्या पानांवर एक टक्क्याऐवजी अर्धा टक्क्याचे, म्हणजे १०० लिटर पाण्यास अर्धा किलो मोरचूद आणि तेवढाच कळीचा चुना, असे घ्यावे. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत तयार करून एकमेकांत ओतावीत आणि घासलेल्या लोखंडी सुरीचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी वाढवावी; पाते स्वच्छ निघाले की फवारावे. तयार मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

गोडी छाटणी

ऑक्टोबरमध्ये गोव्यात दुपारी गडगडाटी सरी कोसळतात. नाशिककरांचे अनुकरण करून सप्टेंबरमध्ये छाटणी केली, तर फुलोरा नेमका या सरींत सापडतो. म्हणून गोडी छाटणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करावी. साधारण १२० ते १३० दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तोडणी येईल. याहून उशीर झाल्यास मण्यात गोडी भरण्याचे दिवस मार्चच्या उष्म्यात जातात, आणि पुढची खरड छाटणीही मागे पडते. दोन्ही बाजूंनी आवळलेले हे वेळापत्रक आहे. त्यात सैलपणा फार तर आठवड्याचा.

छाटणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडून पाने हाताने काढावीत, म्हणजे डोळे फुगू लागतात. मग प्रत्येक पक्व काडी चार ते पाच डोळ्यांवर कापावी. नाशिकला डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन विषारी आहे, आणि ते हाताळण्याच्या आधी व नंतर काही दिवस मद्य घेतल्यास शरीरावर तीव्र प्रतिक्रिया उमटते. वाईनचे द्राक्ष लावणाऱ्याने वाईनपासून दूर राहावे असा हा प्रसंग. पाच-दहा वेलींसाठी त्याची गरज नाही. गोव्याच्या उबेत डोळे आपोआप फुटतात. शेंड्याकडचा डोळा आधी धावत असेल, तर काडी तारेवर आडवी वाकवून बांधल्याने बुडाकडचेही जागे होतात.

फुटी चार-पाच पानांवर आल्या की घड दिसू लागतात. येथे हात आखडता घेऊ नये. प्रत्येक फुटीवर एकच घड, आणि साऱ्या वेलीवर मिळून वीसच्या आसपास घड ठेवावेत, बिनघडाच्या कमजोर फुटी काढाव्यात. शेनिनचा घड सुमारे २०० ते २५० ग्रॅमचा धरला आणि वीस घड ठेवले, तर वेलीमागे चार-पाच किलो होतात. पाच फूट बाय नऊ फुटांच्या हिशेबाने एकरी ९६८ वेली बसतात, म्हणजे हे प्रमाण एकरी सुमारे चार ते पाच टनांचे झाले. वेल याच्या दुप्पट माल हसत देईल, पण त्या मालाच्या रसात चव नसेल. मणी बाजरीएवढे असताना घडाच्या खांद्याच्या पाकळ्या कात्रीने काढून टाकाव्यात. गच्च बांधणीवर इतका सोपा इलाज दुसरा नाही.

मणी धरल्यावर घडाभोवतीची पूर्वेकडची पाने काढावीत, पश्चिमेकडची राहू द्यावीत. सकाळचे ऊन दव लवकर सुकवते. दुपारचे ऊन पातळ सालीला भाजते. पाण्याचा अंदाज घड्याळावरून न लावता शेंड्यावरून लावावा. फुटीच्या टोकाशी असलेल्या ताणा टोकाच्याही पुढे ताठ निघालेल्या दिसल्या, तर वेल जोरात वाढते आहे आणि पाणी कमी करण्यास वाव आहे. ताणा मलूल होऊन लोंबू लागल्या, तर पाणी हवे आहे. घड तयार झाल्यावर वाढ थांबलेली असावी, म्हणून मणी मऊ पडू लागताच पाणी अर्ध्यावर आणावे, मात्र एकदम तोडून नंतर भरपूर देऊ नये. तहानलेल्या वेलीला अचानक पाणी मिळाले की शेनिनची साल तडकते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा भुरीचा काळ. तिला ओले पान लागत नाही, दमट हवा पुरते, आणि ती गोव्याला कधीच कमी नसते. पानावर किंवा मण्यावर राखेसारखी भुकटी दिसण्याची वाट न पाहता, पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पानांच्या दोन्ही बाजूंना लागेल असे, सकाळी लवकर फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना फवारल्यास पाने करपतात. तोडणीच्या महिनाभर आधी गंधक थांबवावे, कारण त्याचा अंश रसात गेल्यास आंबवणीत कुजक्या अंड्याचा वास येतो. तांबेही याच काळात वर्ज्य समजावे. घडांत पांढरा कापूस आणि बुडख्यावर मुंग्यांची रांग दिसली, तर पिठ्या ढेकूण आला म्हणून समजावे. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच त्याला जपतात. बुलबुल, वटवाघळे आणि माकडे यांच्यावर औषध नाही. मणी रंग बदलू लागताच सगळ्या ओळीवर जाळी टाकावी, आणि जाळीचे टोक जमिनीत दाबून बांधावे.

तोडणी आणि रस

फेब्रुवारीच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा मणी तपासावेत. वेगवेगळ्या वेलींवरून, घडाच्या वरून, खालून आणि सावलीच्या बाजूनेही मणी घ्यावेत, कारण शेनिन एकसारखी पिकत नाही आणि उन्हातला देखणा मणी हमखास फसवतो. रस गाळून रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातील साखर मोजणाऱ्या उपकरणावर) पाहावा. कोरड्या वाईनसाठी २१ ते २२ ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) पुरे. त्यातून सुमारे १२ टक्के मद्यार्क येतो. फेसाळ वाईनसाठी १८-१९ वरच तोडतात. पण नुसता आकडा पाहू नये. एक मणी बोटांत दाबून बी बाहेर काढावी: ती हिरवट आणि गराला चिकटलेली असेल तर थांबावे, तपकिरी होऊन सुटी निघाली, आणि चावल्यावर तुरट न लागता करकरीत फुटली, तर मणी तयार आहे. रसाचा सामू ३.४ च्या वर सरकू लागला, तर ब्रिक्स एक-दीड कमी असला तरी तोडून मोकळे व्हावे. गोव्यात आंबटपणा वाचवणे हे गोडी वाढवण्याहून महत्त्वाचे आहे.

तोडणी पहाटे करावी आणि उन्हे चढण्यापूर्वी घड सावलीत न्यावेत. प्रत्येक घड उलटा करून त्याच्या पोटात पाहावे. कुजका किंवा आंबूस वासाचा मणी दिसला, तर शेजारच्या चार मण्यांसह कात्रीने काढावा. पाच वेलींपासून वीस-पंचवीस किलो द्राक्षे मिळतील, आणि त्यांतून बारा ते पंधरा लिटर रस निघेल. वाईन करण्याचा विचार असेल, तर त्याआधी अबकारी खात्याचे नियम पाहून घ्यावेत. मग घड देठांसह हळुवार दाबावेत, रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून गाळ खाली बसू द्यावा, आणि निवळलेला रस यीस्ट घालून १४ ते १६ अंशांवर आंबवावा. मार्चमधील गोव्याच्या खोलीत हे तापमान निसर्गतः मिळणार नाही. २८-३० अंशांवर आंबवलेल्या शेनिनचा पेरूचा आणि फुलांचा वास दोन-तीन दिवसांत उडून जातो आणि मागे नुसती आंबट दारू राहते. थर्मोस्टॅट लावलेला जुना फ्रिज ज्याच्याकडे नाही, त्याने द्राक्षे तशीच खावीत. बिया आहेत, साल पातळ आहे, आणि आंबटगोड चवीत ही द्राक्षे बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसनपेक्षा पुष्कळ सरस आहेत.

तोडणी संपल्यावर वेलीला दहा-पंधरा दिवस विसावा द्यावा. या काळात पाने हिरवी राहतील एवढेच पाणी आणि थोडे कंपोस्ट पुरते. कात्री मात्र स्पिरिटने पुसून तयार ठेवावी, कारण मार्चचा शेवटचा आठवडा आणि त्याबरोबर खरड छाटणी तोवर येऊन ठेपलेली असते.